तळाला चिकटवलेलं नाव

"मग भांडं परत कोण आणणार?" नोलीनने विचारलं.

"कुणीच नाही," किराली म्हणाली. "तोच तर फायदा आहे. पातळ पत्र्याचा डबा, वर पुठ्ठ्याचं झाकण. जेवायचं आणि फेकून द्यायचं."

"फेकून द्यायचं," नोलीन म्हणाली आणि हातातला केकचा तुकडा तिने बशीत तसाच ठेवला.

चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात आमच्या महिला मंडळाची बैठक चालली होती. बाहेर वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा गरम वारा सुटला होता. कापणी झालेल्या शेतांची धूळ खिडक्यांच्या फटींतून आत येत होती आणि आम्ही सगळ्या जणी चहाच्या कपांवर बश्या झाकून लांब टेबलाभोवती बसलो होतो. आमच्या बाल्कारा गावात कुणाच्या घरचं माणूस गेलं की मंडळाच्या बायका जेवण पोचवतात. जव घालून शिजवलेलं मेंढीचं मटण, नाहीतर जर्दाळू घालून केलेली कोंबडी. प्रत्येकीचं आपापलं काचेचं झाकणाचं भांडं असतं आणि भांड्याच्या तळाला पांढऱ्या चिकटपट्टीवर तिचं नाव असतं. नाव नको का? दुःखाच्या घरी ओट्यावर भांड्यांची रांग लागते, त्यातलं कुठलं कुणाचं हे कसं कळणार? मग महिना-दोन महिन्यांनी त्या घरातलं कुणीतरी ती सगळी घासूनपुसून एकेकीकडे पोचवतं. आमच्या आयांच्या वेळेपासून हे असंच चालत आलेलं होतं.

किराली मंडळात सगळ्यांत तरुण. नर्स आहे, दोन लहान मुलं, नवऱ्याची मोठी शेती, आणि बोलायला सरळ. मला ती आवडते हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला वाईट ठरवून मोकळे व्हाल.

"माझी आई गेली तेव्हा माझ्या ओट्यावर भांड्यांचा ढीग होता," ती म्हणाली. "लेक कडेवर, डोळे सुजलेले, आणि मी घरोघरी भांडी वाटत फिरत होते. प्रत्येक दारात तेच. आत ये, चहा घे, कशी आहेस गं. कशी असणार? मला कुणाचा चहा नको होता, मला झोप हवी होती."

त्यातल्या अर्ध्या दारांत आम्हीच उभ्या होतो.

"रागावू नका नोलीन, पण हे आपण त्यांच्यासाठी करतच नाही," किराली पुढे म्हणाली. "आपल्यासाठी करतो. भांडं परत यायला हवं, आभार मानले जायला हवेत, आपण किती चांगल्या हे कुणीतरी दारात येऊन सांगायला हवं."

सगळ्यांनी नोलीनकडे पाहिलं. कारण सगळ्यांत जास्त भांडी तिचीच फिरत असत. नोलीन पास्को म्हणजे बुटकी, गोल, सत्तरी ओलांडलेली बाई. अर्धं आयुष्य तिने गव्हाच्या कोठारांपाशी वजनकाट्यावर काढलं होतं. भरलेला ट्रक आला की वजन करायचं, तोच रिकामा होऊन निघाला की पुन्हा करायचं. नवरा रॉस कुंपणं घालायची कामं करायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक ॲडलेडला असायची. यापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती कधी कशात पहिली आली नाही, कुठल्या समितीची अध्यक्ष झाली नाही. कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी तिचं भांडं मात्र दारात हजर असायचं.

"खरं आहे," नोलीन म्हणाली. "मी माझ्यासाठीच करते."

असं कुणी कबूल करतं का? किराली गोंधळली. तिला भांडण अपेक्षित होतं.

"तसं म्हणायचं नव्हतं मला," ती म्हणाली.

"तसंच म्हणायचं होतं आणि बरोबर आहे ते. घ्या मतं."

हात वर झाले. पत्र्याचे डबे मंजूर झाले. मी हात वर केला नाही आणि विरोधातही केला नाही, कारण मला किरालीचं पटलं होतं आणि नोलीन माझी मैत्रीण होती. उठता उठता कुणीतरी म्हणालं, "तसंही नोलीन, क्लेमकडे तुझं भांडं अजून पडलंच आहे ना? त्या बिचाऱ्याने आता भांडी घासत बसायची का?"

नोलीनने पर्स उचलली आणि निघून गेली. केक बशीत तसाच राहिला.

आता क्लेमबद्दल सांगायला हवं. क्लेम ट्रेझाइज हा माझा शेजारी, आमच्या दोघांच्या मधे फक्त तारेचं कुंपण. जन्मभर मेंढ्यांची दलाली केली. बाजारात मेंढीच्या पाठीवर हात दाबून मांस किती, चरबी किती ते सांगायचा, आणि माणसांचंही आपल्याला तसंच कळतं अशी त्याची खात्री होती. "कुणी उगीच काही करत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दर शुक्रवारी बोल्स क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवून झाले की तो बिअर घेऊन बसायचा आणि हा विषय उकरून काढायचा. गवताला आग लागली की सगळा गाव बंब घेऊन धावतो, क्लेमही धावायचा, सगळ्यांत पुढे. वर म्हणायचा, "मी काय शेजाऱ्यासाठी जातो? आग माझ्या बांधापर्यंत येऊ नये म्हणून जातो."

"बरं, मग?" नोलीन विचारायची.

"मग काय? स्वार्थ."

"आग विझली ना?"

"विझली."

"मग झालं तर," असं म्हणून ती आपलं विणकाम काढायची, आणि क्लेम चिडायचा. भांडायला आलेल्या माणसाला कुणी हो म्हटलं की त्याची फार पंचाईत होते. जॉय, त्याची बायको, बाजूला बसून हसायची. क्लेमच्या चहात साखर घालणं, त्याचा चष्मा शोधून देणं आणि तो फार वाहवला की त्याच्या गुडघ्यावर हात ठेवणं, ही सगळी जॉयची कामं. कापणी संपली त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी कपडे वाळत घालत होती आणि तिथेच खाली बसली. मी कुंपणातून पाहिलं आणि धावले, पण काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नोलीन भांडं घेऊन आली. झाकणावर निळी फुलं असलेलं भांडं. क्लेमने दारातच घेतलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं. अंत्यविधी झाला, आणि त्यानंतर तो घराबाहेर पडलाच नाही. पडदे ओढलेले, पिकअप शेडमध्ये. क्लबात नाही, बाजारात नाही. दुकानातून त्याचं सामान मीच आणायचे. जॉयच्या लिंबाच्या झाडाखाली लिंबांचा सडा पडायचा आणि ती तिथेच कुजायची. तो बारीक होत चालला होता. मुलंबाळं नव्हती. मला काळजी वाटायला लागली होती, आणि नुसती काळजी नाही, भीती वाटत होती. अशी एकटी राहिलेली दोन-तीन माणसं आमच्या भागाने पाहिली आहेत आणि त्यांचं काय झालं ते कुणी मोठ्याने बोलत नाही.

एक दिवस मी सामान ठेवायला गेले तर नोलीनचं भांडं ओट्यावर होतं. लख्ख घासलेलं.

"दे इकडे, जाता जाता देते तिला," मी म्हटलं.

"हात लावू नकोस."

"का रे बाबा?"

"मला बघायचंय ती मागायला येते का." कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा जान दिसली. "वर्षानुवर्षं मान डोलावत आली. आग विझली ना, म्हणे. आता येऊ दे भांडं मागायला. दारात आली की म्हणणार, बघ, तुलाही आपलं परत हवंच असतं."

"तू ना, मेल्या, सुधारणार नाहीस."

"सांग तिला. सांग, भांडं क्लेमकडे आहे, हवं असेल तर ये घ्यायला."

मी तशीच नोलीनकडे गेले. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि चर्चचं जुन्या सामानाचं दुकान मी चालवते म्हणजे गावातली प्रत्येक गोष्ट माझ्या गल्ल्यावरूनच पुढे जाते. नोलीनने सगळं ऐकून घेतलं.

"मी जाणार नाही," ती म्हणाली.

"अगं, मी आणून देते. कुंपणापलीकडेच तर आहे."

"खबरदार हात लावलास तर, डल्सी. माझं भांडं त्याने आणायचं. त्याने स्वतः."

झालं. दोघंही हट्टाला पेटले. आठवडाभरात सगळ्या गावाला कळलं. क्लबात पैजा लागल्या, कोण आधी नमतं यावर. सुरुवातीला सगळे हसले, पण मग बायका नाकं मुरडायला लागल्या. एका भांड्यासाठी म्हाताऱ्या विधुराशी असं वागायचं? तेवढं मोठं मन नाही का? किराली दुकानात आली तेव्हा म्हणाली, "मी बैठकीत म्हटलं तेच निघालं ना, डल्सी? मला वाईट वाटतं, पण निघालं." पत्र्याचे डबे आले, त्यांची चळत हॉलच्या कपाटात लागली. पुढे दोन घरी माणूस गेलं, तेव्हा जेवणाच्या यादीत कुणी नोलीनचं नावच घातलं नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या शेजारी जागा राहायला लागली. इतकी वर्षं चांगली म्हणून नावाजलेली बाई, तिने ते सगळं जाऊ दिलं आणि ती ढिम्म हलली नाही.

मला राहवेना. कारण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. माझ्या दुकानात झाकणाचं काचेचं भांडं आलं की मी ते मागच्या फळीवर नोलीनसाठी बाजूला ठेवायचे. कुठलंही असो, टवका उडालेलं असो, ती घ्यायची. तिच्या घरी अशा भांड्यांनी अख्खं कपाट भरलेलं होतं. निळ्या फुलांच्या त्या एका भांड्यावाचून तिचं काय अडलं होतं?

"सांग बघू मला," मी तिच्याकडे जाऊन बसले आणि म्हटलं. "तुझ्याकडे कपाटभर भांडी आहेत. हट्ट कसला करतेस? लोक काय काय बोलतायत, ऐकतेस का?"

"ऐकते की. बहिरी नाही अजून."

तिची खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती. खिडकीतून रस्ता दिसत होता, कोठारापर्यंत सरळ. टेबलावर दोन कप उपडे घालून ठेवलेले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हते, कारण मी न सांगता आले होते.

"रॉस गेला तेव्हा," ती म्हणाली, "माझ्याकडे किती जेवण आलं असेल सांग."

"आम्हीच आणलं होतं. मला काय विचारतेस?"

"सगळं कुत्र्यांना घातलं. तुझं मटणसुद्धा. घासच उतरत नव्हता. वाईट वाटून घेऊ नकोस."

"कुत्र्यांना? अगं, त्यात मी चांगली वाइन घातली होती."

"कुत्रे खूश होते." ती हसली, मग थांबली. "मला उठायचंच नव्हतं, डल्सी. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. कोणी काही बोललं तरी मला ऐकू येत नव्हतं. पण त्या ओट्यावर भांडी होती. तुझं नाव, हिचं नाव, तिचं नाव. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात किती दिवस ठेवायची? रॉसच्या आईने मला शिकवलेलं. मग एक दिवस एक भांडं घासलं आणि नेऊन दिलं. तू मला बसवलंस. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं.

"तू काही विचारलं नाहीस, तुझ्या सुनेबद्दल कुरकुर करत बसलीस. मी घरी आले, दुसरं भांडं घासलं. असं करत करत सगळी संपली, आणि तोवर मला घराबाहेर पडायची सवय झाली होती. जेवणाने काही केलं नाही माझं. मला भांड्यांनी उठवलं. आता मी जाऊन क्लेमचं भांडं उचलून आणलं, तर त्याला दाराबाहेर काढणारं काय उरलं? आहे का कुणाकडे दुसरं काही?"

मी रुमाल काढला. असं काही ऐकलं की मला लगेच रडू येतं. "म्हणजे हे तू त्याच्यासाठी करतेयस," मी म्हटलं. "आणि सगळ्यांचं ऐकून घेतेयस. नोलीन, मी उद्याच जाऊन सगळ्यांना सांगते."

"काही सांगायचं नाही. आणि मला संत-बिंत करू नकोस." ती खरंच रागावली. "किराली खोटं बोलली नाही. मी या खिडकीत बसून वाट बघते. कुणाच्या घरी माणूस गेलं की दुसऱ्याच दिवशी माझ्या मनात येतं, महिन्याभराने तिथलं कुणीतरी माझ्याकडे येईल. बसेल, चहा पिईल. मला आवडतं ते. लेक रविवारी फोन करते, तो सोडला तर दुसरं कोण येतं माझ्याकडे? तू येतेस ती बातम्या द्यायला येतेस."

"आणि बिस्किटं खायला."

"आणि बिस्किटं खायला. मला भांडं परत हवंच असतं, डल्सी. त्याच्याबरोबर येणारं माणूस हवं असतं. यात लाज कसली? आणि किरालीला तेव्हा चहा नको होता, झोप हवी होती, तेही खरंच असणार. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. क्लेमला पडेल असं मला वाटतं. नाही पडलं तर मी चुकले."

"आणि त्याने स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं तर?"

"म्हणून तर तुला रोज पाठवते," ती म्हणाली.

ते मात्र खरं होतं. अंडी दे, टोमॅटो दे, अमकं दे, असं काही ना काही काढून ती मला रोज क्लेमकडे पाठवायची आणि मला वाटायचं मी आपल्या मनाने जाते.

क्लेम दरवेळी विचारायचा, "येणार आहे का ती?"

"नाही."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्याने आणायचं."

"हं," असं म्हणून तो ओट्यावरच्या भांड्याकडे बघायचा. मला हळूहळू लक्षात आलं की तो दिवसभरात एवढंच बोलतो. जॉयबद्दल अवाक्षर नाही. पण नोलीन काय म्हणाली, कशी म्हणाली, हसली का, हे मात्र त्याला सगळं हवं असायचं. एकदा गेले तर दाढी केलेली होती. एकदा भांडं पुन्हा घासलेलं दिसलं. मग एकदा त्याने विचारलं, "डल्स, ती रागावलीय का माझ्यावर?" त्या आवाजात जिंकण्याची हौस कुठे नव्हती.

पेरणीच्या आधी, पहिल्या गार सकाळी, मला त्याच्या पिकअपचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तर तो गाडी मागे घेत होता, आणि शेजारच्या सीटवर पट्टा लावून भांडं बसवलेलं होतं. मी अंगावर स्वेटर चढवला आणि माझी गाडी काढली. खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम गेले. एवढं सगळं निरोप्याचं काम मी केलं आणि शेवटच चुकवायचा?

मी पोचले तेव्हा तो दारात उभा होता. भांड्यात जॉयची लिंबं भरलेली होती.

"तुझं भांडं," तो म्हणाला.

"आण," नोलीन म्हणाली.

"तू जिंकलीस. पण माझं म्हणणं खोटं ठरलेलं नाही. तुला मी यायला हवा होतो. कबूल कर."

"हवा होतास."

"कशासाठी?"

"चहासाठी. एकटीने प्यायचा कंटाळा येतो."

"म्हणजे स्वार्थच."

"स्वार्थच. आत ये, वारा येतोय. तू पण ये गं डल्सी, तिथे झुडपामागे उभी राहून तुला काही दिसणार नाही."

आम्ही आत गेलो. नोलीनने किटली चढवली आणि ते उपडे कप सुलटे केले. क्लेम खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर. चहा ओतून झाला आणि नोलीनने साखरेचा डबा उघडला.

"साखर किती?"

क्लेमने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्याने डब्याकडे पाहिलं, मग नोलीनकडे.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "जॉय घालायची."

आणि मग तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, सगळा बाजार दणाणून सोडणारा, तो टेबलावर कोपर टेकून लहान पोरासारखा हुंदके देत होता. नोलीनने त्याला गप्प केलं नाही. तिने एक चमचा साखर घातली, ढवळली आणि कप त्याच्यासमोर ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने एक घोट घेतला.

"कमी आहे," तो म्हणाला.

तिने आणखी एक चमचा घातला.

त्यानंतर ते निळ्या फुलांचं भांडं दर आठवड्याला या घरातून त्या घरात फिरत राहिलं. ती भरून द्यायची, तो लिंबं नाहीतर भोपळा घालून परत आणायचा. शुक्रवारी क्लबात पुन्हा तेच भांडण सुरू झालं, स्वार्थ आणि आग. गावात काहीबाही बोललं गेलं, पण त्यात काही तथ्य नव्हतं. दोघांना चहा प्यायचा होता, एवढंच. पैजेची बिअर कुणी कुणाला पाजायची हे मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही. क्लेम म्हणायचा, मीच जिंकलो.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात नोलीन गेली. झोपेतच. मी सकाळी अंडी द्यायला गेले आणि मलाच कळलं. तिची लेक आली, हॉलमध्ये सगळा गाव जमला, आणि लेकीसाठी जेवण पत्र्याच्या डब्यांतून गेलं. मला ते फार लागलं. किरालीलाही लागलं असावं, कारण ती बराच वेळ त्या डब्यांच्या चळतीपाशी उभी होती. पण लेक दोन दिवसांत ॲडलेडला परत जायची होती, तिने भांडी कधी परत करायची? डबेच सोयीचे होते. जाताना तिने नोलीनचं ते सगळं कपाट माझ्या दुकानात आणून रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी क्लेम आला आणि सगळी भांडी उचलून पिकअपमध्ये भरायला लागला.

"काय करणार आहेस एवढ्या भांड्यांचं?"

"तुला काय करायचंय?"

"आणि त्या पट्ट्या तरी काढ. तिचं नाव आहे सगळ्यांवर."

"भांडी तिची आहेत," क्लेम म्हणाला. "राहू दे नाव."

पुढे कुंपणापलीकडून करपल्याचे वास यायला लागले. जर्दाळू घालून कोंबडी करायला शिकत होता. पहिल्या दोन खेपा मी खाल्ल्या, शेजारधर्म म्हणून. तिसरी बरी झाली होती.

वसंतात किरालीचे वडील गेले. फार दिवस आजारी होते, तिनेच केलं त्यांचं सगळं. क्लेम म्हणाला, चल माझ्याबरोबर, मला दारात बोलायला सुचत नाही. आम्ही गेलो तेव्हा तिच्या ओट्यावर पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले होते. धाकटी पोरगी जमिनीवर बसून त्यातल्याच एका रिकाम्या डब्यावर चमच्याने बडवत होती. क्लेमने निळ्या फुलांचं भांडं पुढे केलं. किरालीने ते घेतलं, वर उचलून तळ पाहिला. नोलीनच्या गोल अक्षरांत तिचं नाव होतं, आणि त्याखाली नव्या पट्टीवर क्लेमच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, क्लेमकडे आणून देणे.

"तुम्हाला माहीत आहे मला हे आवडत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला लगेच जमणार नाही."

"मला घाई नाही."

"तुम्हीच म्हणायचात ना, कुणी उगीच काही करत नाही?" तिचा आवाज थकलेला होता, टोमणा नव्हता त्यात. "तुम्हाला काय मिळणार यातून?"

"चहाला कुणीतरी," क्लेम म्हणाला.

तिने भांडं डब्यांच्या शेजारी ठेवलं आणि आम्ही निघालो.

आठवडे गेले. क्लेमने आपली खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली होती. मी चिडवायचे, ती येणार नाही, झोप काढेल ती, तिने तर तेव्हाच सांगितलंय. "नाही आली तर नाही आली," तो म्हणायचा. "आणखी भांडी आहेत." पण रस्त्यावर गाडी वाजली की बोलता बोलता थांबायचा.

एका सकाळी मी अंडी घेऊन त्याच्याकडे निघाले. अंडी आपलं निमित्त, मला चहा हवा होता. घरात सून आली होती आणि मला कुणाशीतरी तिच्याबद्दल बोलायचं होतं. फाटकापाशी किरालीची गाडी उभी होती. खिडकीतून टेबल दिसत होतं. किराली दोन्ही हातांवर कपाळ टेकून बसली होती, तिचे खांदे हलत होते, समोर भांडं होतं. क्लेम साखरेचा डबा उघडून तिच्याजवळ उभा होता आणि थांबला होता.

मी अंडी फाटकाच्या खांबावर ठेवली आणि घरी येऊन माझी किटली चढवली.